नो-गो आत गेलं

३ जून, सोमवार. लातूर
नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि किती छान गेला! नांदेडहून एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली. गुरुबसप्पांचा कारखाना लहानसाच, एमआयडीसीत, डाळ मिलच्या मागे. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. एकच सीएनसी लेथ आहे, तिच्यावर बोअरच्या मोटारीचे पाइप जोडायची कपलिंगं होतात. ती मी तपासायची. आट्यांत गेज, म्हणजे दोन टोकांचं मापाचं हत्यार, फिरवायचं. ‘गो’ची बाजू सहज आत गेली पाहिजे, ‘नो-गो’ची दोन फेऱ्यांत अडली पाहिजे. पूर्ण आत गेली तर आटे ढिले, नग बाद.
लेथ चालवते रूपाली, चाकूरची, आयटीआय झालेली. माझा चष्मा बघून म्हणाली, मॅडम, आटे दिसतेत न्हवं, का मी मोजून सांगू? मग तिच्या डब्यातली शेंगाची चटणी मीच संपवली.

५ जून, बुधवार
टेबलाशी बसले की आमची कॉन्व्हेंट शाळा आठवते. शिवणाच्या तासाला सिस्टर फिलोमिना रुमाल उलटा करून टाके बघायच्या.
आज पन्नासांत तीन नगांत नो-गो पूर्ण आत गेलं. रूपालीने आटे कापणाऱ्या टूलची टीप बदलली, मशीनला दिलेलं माप, म्हणजे ऑफसेट, पाहिला. आटे पाडताना मध्येच स्पीडचं बटण फिरलं का, तेही पाहिलं. वेग बदलला की आटे सरकतात. सगळं जागच्या जागी.

८ जून, शनिवार
आज वीस बाद. पण मी बाद केलेले नग रूपालीने तपासले तर नो-गो दोन फेऱ्यांत अडलं. आप्पांच्या हातातही अडलं. मी घेतलं की सरकन आत. आप्पा म्हणाले, ताई, हाताला तूप लावून आलाव काय? सगळे हसले.
तेव्हाही शनिवारच होता. ते इथे लिहायचं नाही.

११ जून, मंगळवार
लिहितेच. गेल्या वर्षी नांदेडच्या कारखान्यात मी पास केलेल्या एका लॉटचे आटे ढिले निघाले. हिमायतनगरकडे बोअरमधून मोटार वर काढताना कपलिंग सुटलं, आणि त्या झटक्याने पाइप ओढायला उभी केलेली लोखंडी तिवई श्रीमंत नावाच्या मजुराच्या छातीवर कोसळली. जागीच गेला. मी सांगितलं, माझ्यापाशी आले ते नग ठीक होते, ढिले ऑपरेटरने नंतर न तपासता मिसळले असतील. ऑपरेटर बालाजीला काढून टाकलं.
श्रीमंतची बायको, साखराबाई, गेटवर आली होती. मला म्हणाली, बाई, तुम्ही शिकलेल्या हाव, तुम्हीच सांगा, चूक कुणाची व्हती?
मी म्हटलं, बालाजीची.

१३ जून. दुपार
सगळेच नग बाद. फक्त माझ्या हातात.
आज गेज फिरवावंही लागलं नाही. नुसतं टेकवलं. आपोआप फिरत आत गेलं—सावकाश—माझी मूठ सोबत घेऊन. मनगट पिळलं गेलं. रूपाली धावत आली. म्हणाली, मॅडम, तुम्हीच जोर लावून राहिल्या, सोडा की!
मी केव्हाच सोडलं होतं.

१४ जून. सकाळी साडेदहा
गेजला हात लावलेला नाही. तरी मनगट फिरतंय—उजवीकडे—पाव फेरी, पुन्हा पाव—रूपालीला दिसत नाही—
साखराबाईला पत्र लिहायला बसले. कागदावर उतरलं, चूक बालाजीची. मनगट कडकन—

पेन डाव्या हातात घेतलंय. इथेच लिहिते. श्रीमंत, थांबा—खरं लिहिते—
त्या शनिवारी शाळेच्या मैत्रिणी जमणार होत्या. चाळीस वर्षांनी. केक मी नेणार होते. पहिल्याच नगात नो-गो पूर्ण आत गेलं. मला दिसलं. बाकीचे पाहिलेच नाहीत. बालाजी दोनदा म्हणाला, बाई, आटे ढिले वाटून राहिले, लॉट थांबवा. मी म्हटलं, मला उशीर होतोय. सही केली—
आता डावंही फिरायला लागलं—नको—एवढी ओळ लिहू द्या—
साखराबाई, बालाजीने काही केलं नव्हतं, चूक मा