घशातल्या गोळ्याचा भगवानरावांशी काही संबंध नाही

उंद्री, १६ ऑगस्ट १९६३. सकाळ.
कालपासून घशात काहीतरी अडकलंय. बोराएवढं. भाकर उतरते, पाणी उतरतं. नुसता आवंढा गिळला की हे आपलं जागच्या जागी. कारण उघड आहे : झेंडावंदनाच्या मैदानावरची धूळ. पावसाळा असला तरी धूळ असतेच. काल भाषण भगवानराव मास्तरांनी केलं. नऊ वर्षं मी करत होतो. हे जूनमध्ये आले, आवाज खणखणीत, हेडमास्तरांनी परस्पर त्यांचं नाव टाकलं. पाऊण तास बोलले. लोक उठले नाहीत. पाऊस नव्हता म्हणून.

१९ ऑगस्ट.
कोकिळा भाजी चिरता चिरता म्हणाली, "भगवानराव गुरुजी बोलतात तं माणूस हातचं काम इसरून जाते." स्वतःची बायको! मी म्हटलं, बोट सांभाळ. गोळा सुपारीएवढा.

२२ ऑगस्ट.
रजा टाकून एस.टी.नं चिखलीला, नारायणराव वैद्यांकडे. नाडी धरून डोळे मिटून बसले. मला वाटलं झोपले. मग विचारतात, "कोणाचं नाव घेतलं का वाढते का हो, गुरुजी?" वैद्यानं असले प्रश्न विचारावेत!
निदान : उदानवायू अडलाय, गाठबीठ काही नाही. दिवसा ज्येष्ठमध चघळायचा, निजताना चमचाभर त्रिफळा कोमट पाण्यातून, दही बंद. निघताना म्हणाले, "आन् मनातलं रोज कोणाजवळ तरी बोलत जा. नाही तं औषध अर्धंच लागन."
निश्चय : पथ्य काटेकोर. शेवटचं सोडून, मनात काही नाहीच. महिनाभरात गळा मोकळा. मग दाखवतो भाषण कशाला म्हणतात.

३ सप्टेंबर.
ज्येष्ठमधाची काडी दिवसभर तोंडात. पोरं 'काडी गुरुजी' म्हणतात असं कळलं.
संध्याकाळी भगवानराव आपणहून घरी. आईनं पाठवलेला मध घेऊन. "घशाले चांगला राह्यते, दादा." दादा! कोकिळेनं त्यांच्यासाठी नवी कपबशी काढली. माझ्या बापाला ती कधी दिसली नाही. मध चाखून पाहिला. चांगला आहे, हेच वाईट. गोळा लिंबाएवढा.

१० सप्टेंबर.
उद्या शाळा तपासणी. माझी चौथी तयार आहे. साहेबांपुढे आवाज मोकळा हवा म्हणून त्रिफळा तिप्पट घेतला. डॉक्टरी औषधासारखी रिअॅक्शन आयुर्वेदात नसते.

११ सप्टेंबर.
शाळेत एकूण बारा मिनिटं होतो, तीही तुकड्यातुकड्यांनी. बाकी दिवस नाल्याकडे. चौथी भगवानरावांनी सांभाळली. साहेबांचा शेरा : 'चौथीची तयारी उत्कृष्ट. श्री. भगवानराव यांचे अभिनंदन.' अरे, पाढे मी घोकून घेतले! भगवानरावांनी साहेबांना तसं सांगितलंही म्हणे. तेव्हा साहेबांनी खाली आणखी एक ओळ लिहिली : 'स्वभाव अत्यंत विनयशील.'

२४ सप्टेंबर. दुपारी दोन.
भगवानरावांची बदली! रोहिणखेड, पार मोताळ्याकडे. ऑर्डर मी स्वतः वाचली. दोनदा.
दोन वाजून पाच. गोळा नाही. दहा वेळा आवंढा गिळून पाहिला. साफ. आयुर्वेद तो आयुर्वेद! वैद्यांना आभाराचं कार्ड टाकलं. दोन वाट्या दही खाल्लं.

२६ सप्टेंबर.
निरोपसमारंभ शनिवारी. मुख्य भाषण माझं. प्लॅन : चाळीस मिनिटं. वरून कौतुक, आतून चिमटे. 'पाहुण्यासारखे आले नि गेले' हे वाक्य तीनदा. कोठीत दार लावून तालीम केली. आवाज घंटेसारखा.

२८ सप्टेंबर. संध्याकाळ.
माझ्या आधी भगवानराव बोलले. म्हणाले, "मी शिकत होतो तवा मामासंगं उंद्रीले आलतो. झेंडावंदनाले हे आपले रंगराव गुरुजी बोलून राह्यले होते. तवाच ठरवलं, मास्तर व्हायचं आन् असंच बोलायचं." आणि सभेदेखत माझ्या पाया पडले.
मी उभा राहिलो. 'भगवानराव' एवढंच म्हणालो आणि गोळा वर आला तो नारळाएवढा. पुढे शब्द नाही. डोळ्यांतून पाणी. भाषण खिशात, मी तसाच उभा. मग बसलो.
सगळी सभा रडत होती. सरपंच शेषराव उपरण्यानं डोळे पुसत होते. एवढ्या टाळ्या मला नऊ वर्षांत पडल्या नव्हत्या.
कोणत्या सालचं भाषण ऐकलं होतं त्यांनी? विचारायचं राहून गेलं.

१ ऑक्टोबर. सकाळ.
चहाच्या आधी सरपंच दारात, मागे निम्मं गाव. "गुरुजी, तुमचं रडणं पाह्यलं आन् मले राहावलं नाही. बुलढाण्याले जाऊन आलो. साहेब म्हणे, गावाचा अर्ज आणा, बदली रद्द करून देतो. पह्यली सही तुमची!"
मी म्हटलं, चष्मा सापडत नाही. कोकिळेनं चष्मा आणला. म्हटलं, दौत वाळली आहे. सरपंचांनी स्वतःचं पेन काढलं. सगळे माझ्या हाताकडे बघत होते.
सही केली.
कोकिळा म्हणाली, "खाली नाव सुवाच्य लिहा हो. साहेबाले वाचता आलं पाह्यजे."
सुवाच्य लिहिलं.