दोन टक

९ नोव्हेंबर, रविवार

सुई परत दोन टक सैल! यांना रिमोटचं विमान उडवायला देताना इंजिनाची सुई नीट लावली होती. उतरल्यावर बघते तर दोन टक बाहेर फिरलेली. इंजिनाच्या थरथरीने होत असणार. सुईच्या बुडाशी तिला धरून ठेवणारी, फिरवताना खाचेखाचेला टक वाजणारी स्प्रिंग असते, ती बदलायला हवी. हे म्हणाले, "जाऊंदे गो, उडला ना झकास." यांना उडालं की झालं. उडवणारे हे, इंजिन लावून देणारी मी — बावीस वर्षं अशीच वाटणी आहे.

बाकी सकाळ फार छान. गोराईहून होडीने परतताना पंख माझ्या मांडीवर, पंखावर ऊन. इंधनात एरंडेल असतं, त्याचा वास कितीही पुसलं तरी हातांना राहतो. मला आवडतो. डोळे मिटले की होडीचं इंजिन आणि आपलं इंजिन एकमेकांत मिसळतात आणि आपण पाण्यावर आहोत की वर, ते कळेनासं होतं. बोरिवलीचा धक्का आला तेव्हा यांनी खांद्याला हात लावून उठवलं.

११ नोव्हेंबर

अपूर्वाचा फोन. मालाडची, आमच्या विमानांच्या क्लबात नवी. अंधेरीचं ऑफिस सांभाळून चार महिने घराच्या गॅलरीत बसून तिने पहिलं विमान बांधलंय. फक्त इंजिन राहिलंय.

"काकू, फोर-स्ट्रोक घेऊ? कसला भारी आवाज आहे यार त्याचा!"

आवाज मलाही आवडतो. दुपारी डोळा लागता लागता लांबून यावा असा आहे. पण वजन जास्त, व्हॉल्व्ह लावत बसा, पहिल्या विमानाला कशाला? म्हटलं, टू-स्ट्रोक घे, शेहेचाळीस नंबरचं, बॉल बेअरिंगवालं. तर म्हणते, हर्षद म्हणाला त्याहून मोठं, एकसष्टचं टाक, दम असतो. हर्षद म्हणजे आमच्या क्लबात उडवायला शिकवतो तो, मुलुंडचा. त्याला सगळ्यातच दम लागतो. म्हटलं, आधी उतरायला शीक, दम मग बघू.

"बरं. पण सुई तुम्हीच लावायची हं. सगळे म्हणतात, इंजिनाचा कान फक्त रत्नप्रभाकाकूंना आहे."

म्हणतात ते खरंच आहे. इथे कोण वाचणार आहे, लाजायचं कशाला? अंधेरीच्या एमआयडीसीत सत्तावीस वर्षं चालता पंखा ऐकून त्याचं बेअरिंग कसं आहे ते सांगितलंय. तपासायचं यंत्र नंतर आलं. तेही माझ्याच बाजूने बोलायचं.

१५ नोव्हेंबर

आमच्या इंजिनाची स्प्रिंग बदलली. आता हलून दाखव म्हणावं.

१६ नोव्हेंबर, रविवार

अपूर्वाचं नवं इंजिन लाकडी बाकावर बांधून चालवलं. इंधनाच्या पहिल्या दोन-तीन टाक्या संपेपर्यंत घाई करायची नाही. सुई बरीच उघडी ठेवायची, इंजिनाला भरपूर इंधन पाजायचं. ते गुळण्या केल्यासारखं चालतं, मागून पांढरा धूर आणि तेल सोडत राहतं. मी बाकाशेजारी बसून राहिले. तो आवाज अंगावर पांघरूण घातल्यासारखा येतो. मधे कोणी काय बोललं, आठवत नाही.

मग तिला शिकवलं. सुई आत फिरवली की इंधन कमी होतं आणि आवाज चढतो. चढत चढत एका टोकाला जातो. त्याच्यापुढे गेलीस तर इंजिन तापून मरेल. म्हणून टोक सापडलं की थोडं मागे यायचं. "पण टोक आलं कसं कळणार?" म्हटलं, ऐकायचं.

ती म्हणाली, "ऐकू कसं येईल, या गवतातल्या किड्यांनी डोकं उठवलंय नुसतं."

मला तर यंदा किडे फार कमी वाटतात. तण मारायला काही फवारलं असेल.

आमची सुई परत दोन टक सैल. नव्या स्प्रिंगने!

२० नोव्हेंबर

हे गावी गेले, जत्रेला. आठवडाभर घर शांत. फारच शांत.

२३ नोव्हेंबर, रविवार

अपूर्वाचं विमान पडलं.

सुई मी लावली. टोक ऐकलं, मागे आले, हर्षदला मान हलवून सांगितलं. विमान सुंदर उठलं. पिवळे पंख. हर्षदने वर नेऊन रिमोट अपूर्वाच्या हातात दिला, तशी ती हसली. तिने नाक जरा वर घेतलं आणि इंजिन बंद. एकदम. हर्षदने रिमोट परत घेईपर्यंत ते वळून तिवरांत गेलं. चिखलातून काढलं तेव्हा एक पंख मोडलेला आणि इंजिन चिखलाने भरलेलं.

 परतीच्या होडीत अपूर्वा म्हणाली, "माझंच चुकलं ना काकू? नाक फार वर घेतलं."

मी म्हटलं, इंधन जुनं असेल. "नाही, तुझं चुकलं नाही," असं म्हणाले नाही.

२४ नोव्हेंबर

इंजिन धुऊन उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे. इंधन कमी पडून तापलेलं आहे, यात शंका नाही. मग टाकीतली नळी दुमडली असणार. नळी तपासली. ठीक आहे.

सुई मी लावली होती तशीच. इतकं आपटून एक टकही हललेली नाही. नवं इंजिन ना, स्प्रिंग कडक.

२८ नोव्हेंबर

हे काल आले. सगळं सांगितलं. इंधन खराब निघालं म्हटलं. हे सोलकढीच्या वाटीत बघत बसले. मग म्हणाले, "असात, खराब असात."

३० नोव्हेंबर, रविवार

त्याच डब्यातलं इंधन आमच्या विमानात भरलं. मुद्दामच. सुई मी लावली. बारा मिनिटं यांनी ढगांखालून फिरवलं, गोते घेतले, इंजिन एकदाही अडखळलं नाही. हायसं वाटलं मला. इंधन चांगलं आणि माझा कानही चांगला. आठवडाभर मनात काय काय येत होतं, ते इथेही लिहिलं नव्हतं.

मग अपूर्वाजवळ गेले आणि म्हटलं, "तू नाक फार वर घेतलंस गं. होतं सुरुवातीला." ती मान खाली घालून हो म्हणाली. मला तेव्हा बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

आमची सुई दोन टक सैल. नेहमीसारखी. थरथर इतकी नेमकी कशी असते?

३ डिसेंबर

दुपारी झोपेत विमान दिसलं. पिवळं, खूप वर, आणि त्याला आवाज नव्हता. मी खाली गवतात आडवी. भीती नव्हती, उलट कोणीतरी थोपटत असल्यासारखं वाटत होतं. जागी झाले तर अपूर्वाचा मेसेज.

"काकू, माझ्या हातात हे नाही बहुतेक. इंजिन तुम्हीच ठेवा, कोणाला उपयोग झाला तर द्या."

अजून उत्तर दिलेलं नाही.

७ डिसेंबर, रविवार

सुई लावून झाली की मी नेहमी पाठ फिरवते. स्टार्टर आणि बॅटरी पेटीत ठेवते, तोवर हे विमान धावपट्टीवर नेतात. आज फडकं विसरलं म्हणून मधेच वळले.

हे इंजिनावर वाकले होते. मान तिरकी. दोन बोटं सुईवर. एक टक. दुसरा टक. बाहेरच्या बाजूला. मग माझ्याकडे न बघताच विमान उचलून गेले.

मी फडकं घेऊन तिथेच उभी. विमान वर गेलं, फिरलं, उतरलं. झकास उडालं.

होडीत पंख मांडीवर होता. विचारलं, किती वर्षं?

हे पाण्याकडे बघत होते. "तीन वर्सां होतीत. पयल्या वर्षी एकच टक होता."

"मला सांगितलं का नाहीत?"

त्यांनी माझ्या मांडीवरचा पंख नीट केला. मग म्हणाले, "सुई लावतंस तेव्हा तुझ्या तोंडावर काय असता, ता तुका ठावक नाय."

राग आला. रडू नाही, रागच. म्हटलं, त्या मुलीचं विमान पडलं तेव्हा तरी बोलायचं. त्यांनी डोळे पुसले. "माझा चुकला." एवढंच.

त्यांना काय बोलणार? टोक माझ्या कानाला कळत नाही. ते येऊन जातं, तरी मी सुई आत नेतच राहते. आणि यांच्या दोन टकांवर माझा कान शाबूत ठरवून मी त्या मुलीला सांगून आले की चूक तुझी. गवतात किडेही असणार. दरवर्षी असतात तितकेच.

उतरताना यांनी हात पुढे केला. धरला.

८ डिसेंबर

मालाडला गेले, तिचं इंजिन घेऊन. दाराची बेल दाबली. वाजली की नाही, मला कळलं नाही. अपूर्वाने दार उघडल्यावर पहिल्यांदा तेच सांगितलं.