अंबूचा कान

कुंभकोणम, १९५४. कार्तिकातला शुक्रवार.

आज तळ्याकाठच्या जुन्या छत्राची, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेची, पाहणी झाली. आम्ही सगळे बिनपगारी मदतनीस. चुलतबहीण अंबू बोटांनी भिंती वाजवत गेली आणि चुना जिथं आतून सुटलाय, तिथं खडूनं फुल्या मारत गेली. तंजावरचे इंजिनियर म्हणाले, "कान असावा तर असा." आता तिला पापनाशमच्या पाहणीलाही नेणार म्हणे.

भिंत अशी वाजवायला तिला मीच शिकवलं, बाजारात नारळ वाजवून बघतात तसं. तेव्हा हसली होती. आज एकदा माझं नाव घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? माझा कान काय बहिरा आहे?

आत्ता आई म्हणाली, "उद्याच्या सांबाराला एक नारळ वाजवून काढ गं."

मी म्हटलं, "अंबूला बोलव. तिला कान आहे."