डावी बाही

चाचा, तुमच्या दुकानात शिवण शिकलेली मी, आता रिसोडमध्येच भावाच्या ओसरीत मशीन मांडून बसते. तुम्ही हे जग सोडून नऊ वर्षं झाली, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही. माझा नवरा दोन वर्षांपूर्वी तापानं गेला, आठ दिवसांत. त्यानंतर सगळे माझ्याशी फार गोड वागू लागले आणि तिथूनच माझा संशय सुरू झाला. वहिनी मला अंगण झाडू देत नाही. शिवायला कुणी आलं की वाटतं, भावानंच हात जोडून पाठवलं असेल, बिचारीले काम द्या म्हणून. बायका ब्लाऊज घालूनही पाहत नाहीत, 'मस्त झाला वं' म्हणतात. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहते.

तुमच्याकडेही मी हेच करायचे. सतरा वर्षांची होते. बाही बसवली की कापड सोडून तुमच्याकडे बघायचे. एकदा गिऱ्हाइकासमोर तुम्ही ती बाही टराटरा उसवलीत. 'बेटी, टाके माह्या तोंडावर हायेत काय? इकडे कायले पाहून राह्यली?' मी रडले. तुम्ही चहा मागवलात, अर्धा मला दिलात आणि चार वेळा तीच बाही बसवून घेतलीत.

गेल्या महिन्यात इथल्याच जवळच्या शिरपूरहून एक बाई आली, लेकीच्या लग्नाचा ब्लाऊज घेऊन. लग्नाचा, आणि माझ्याकडे? मी विचारलं, 'कोणं पाठवलं तुमाले?' 'कोण पाठवते वं? बाजारात एकीच्या अंगावर पाह्यला, इचारलं.' मला पटलं नाही. शिरपुरात काय शिवणारे नाहीत? मग मी एक वाईट काम केलं. उजवी बाही नीट बसवली आणि डावी मुद्दाम बोटभर पुढे सरकवली. दया असेल तर बाई गुपचूप घेऊन जाईल, मग मशीन विकून टाकायची, असं ठरवूनच.

ती लेकीला घेऊन आली. पोरीनं ब्लाऊज घालून हात वर केला आणि आईचा चेहरा बदलला. 'हे काय केलं वं? बाही खेचून राह्यली. उसव, आत्ताच्या आत्ता. मी बसते अठी.' वहिनी धावत आली, 'ताई, तिचं दुःख...' 'दुःख मले मालूम नाही. मले बाही दिसते.'

मालूम नाही! चाचा, मी मान खाली घालून उसवत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी मला रागावलं होतं. बाही बसवली. तिनं ब्लाऊज उलटा करून टाके पाहिले आणि पिशवीतून दुसरं कापड काढलं. 'हे माह्यं. पण नीट.'

लग्नाला तिनं आग्रहानं बोलावलं. जीपनं गेले. जेवताना ती कुणाला तरी सांगत होती, 'हात चांगला हाय तिचा, एकडाव जरा चुकली.' मी भात कालवत राहिले. मुद्दाम केलं होतं, हे तिला अजून सांगितलेलं नाही. हा कागद घरात ठेवायचीही भीती वाटते, वहिनी वाचेल. आणि खरं सांगू? तिनं मला पहिल्या पंगतीत बसवलं तेव्हाही मनात आलंच, हिला कुणी माझ्या नवऱ्याचं सांगितलं असेल.