आबांनी पेटवलेली वेल

शनिवार, १२ एप्रिल. रात्री साडेनऊ.

पावणेसहाला मी मंडईतून परतले, तर अंगणात धूर. शेजारच्या आबांनी माझी दिवेलागणीला घमघमणारी हनीसकलची वेल बुंध्यापाशी तोडून तिचाच पाला वर पेटवला होता. यंदा फुलं कमी आली, एवढंच मी काल त्यांना म्हणाले होते!

"आवं बाई, ऊस तोडून वाळला पाला, पाचट, पेटवलं की बुडातनं नवा खोडवा कसा फुटतोय? तसाच ह्यो बी फुटंल. लय जोरात!"

ऊस! कॉन्व्हेंटात सभ्य बोलायला शिकवलं, म्हणून फक्त 'महामूर्ख' म्हणाले.

दृष्टी गेल्यापासून माझ्या नवऱ्याचा, यांचा, घड्याळावर विश्वास नाही, आताशा माझ्यावरही नाही. वेलीचा वास सुटला की यांची संध्याकाळ होते, मगच जेवतात. आज आठ वाजले तरी खिडकीशी बसून विचारत होते, "अजून ऊनच आहे का गं?"

जेवले नाहीतच. मी बुंध्यावर पाणी ओतून आले. राख अजून गरम आहे. काळा पडलेला बुंधा फुटतो का? कुणाला विचारू?

आबांनाच चिठ्ठी लिहिते: आबा, सोमवारी दिवस मावळायच्या आत मला लेखी उत्तर हवं. माफी नको. वेल फुटेपर्यंत यांना संध्याकाळ झाली हे कसं पटवू, तेवढं लिहा.