पंच्याऐंशीच्या आत

१२ जानेवारी
उद्यापासून सायकल. निर्णय पक्का.
दादाच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. वहिनीचा रक्तगट जुळत नाही, माझा जुळतो. रक्तगटच काय, सगळंच जुळतं. आज मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आलो. माझं वजन शहाण्णव, बीपी एकशेसाठ-शंभर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन पंच्याऐंशीच्या आत आणा, बीपी एका गोळीवर ताब्यात ठेवा, मग तुमची किडनी घेता येईल. दोन महिन्यांनी तपासणी. बोलण्याचा थाट असा, की किडनी घेऊन त्या माझ्यावरच उपकार करताहेत.
अकरा किलो म्हणजे काही डोंगर नाही. मी तर म्हणतो महिन्यात होईल. दुसरा महिना राखीव.
दादाला सांगितलं. म्हणाला, बारक्या, तुझी किडनी माझ्यात मावेल का? बावन्नावं लागलं तरी त्याच्या लेखी मी बारक्याच.

१५ जानेवारी
सायकल आणली. सात गिअर. दुकानदाराने विचारलं, कुणासाठी? माझ्यासाठी म्हटल्यावर त्याने हातातली सायकल परत लावली आणि जाड टायरची काढली. सोबत हेल्मेट, हातमोजे, पाण्याची बाटली, मागे लावायचा लाल दिवा. सामान नीट असलं की अर्धं काम झालं.
सीट मात्र अगदीच अरुंद. माणसाने बसावं कशावर? रुंद सीट मागवली आहे. ती येईपर्यंत थांबणं भाग आहे.

२१ जानेवारी
पहिली फेरी. ठरलं होतं पाण्याच्या टाकीपर्यंत. जाताना चढ. बेकरीपाशी छाती भात्यासारखी चालायला लागली, तेव्हा तिथूनच वळलो. येतानाही चढच लागला. हा रस्ता कुणी बांधला देव जाणे.
बेकरीत दोन क्रीम रोल घ्यावे लागले. अंगातली साखर उतरली होती. अशा वेळी हयगय करू नये.

२४ जानेवारी
वारा समोरून. गेलो नाही.

२९ जानेवारी
घरी बीपीचं मशीन घेतलं. पहिल्यांदा लावलं की ते उगाच जास्त दाखवतं, असं माझं निरीक्षण आहे. मशीनलाही जरा रुळायला वेळ लागतो. पाचव्यांदा एकशेअठ्ठेचाळीस आलं. तेच धरलं.
ही म्हणाली, पाचदा लावायचं तर पाचांची सरासरी काढा. हिचं गणित पहिल्यापासून क्रूर आहे.

४ फेब्रुवारी
दुकानात दादा दोन तास येऊन बसला. आमचं फ्रेमचं दुकान. फोटो, चित्रं, सर्टिफिकिटं, लोक काय वाटेल ते घेऊन येतात. काच कापायची ती दादाने. पट्टी ठेवणार, कटर एकदाच ओढणार, खालून बोटाने टक्. वाकडी काच मी त्याच्या हातून कधी पाहिली नाही. माझं काम गिऱ्हाईकाशी बोलणं आणि पाठीमागे ब्राऊन पेपर चिकटवणं.
आज त्याच्या हातून दोन काचा गेल्या. म्हणाला, कटर बोथट झालंय. नवीन कटर परवाच आणलं होतं. मी म्हटलं, हो, बोथटच आहे.
सायकलचं विचारलं त्याने. टाकीपर्यंत जातो म्हणून सांगितलं. खोटं नाही, मनाने रोज जातो. फार खूश झाला. डायलिसिसच्या सेंटरमध्ये सगळ्यांना सांगितलंय म्हणे, माझा भाऊ माझ्यासाठी सायकल चालवतोय.
घरी येऊन जेवण कमीच केलं. पोळ्या तीनच. नंतर जरा खारे शेंगदाणे.

११ फेब्रुवारी
गुडघा.

१३ फेब्रुवारी
गुडघा बरा, पण घाई नको.

१६ फेब्रुवारी
आजपासून नवी पद्धत. सायकल घेऊन बागेपर्यंत जायचं, बाकावर बसून दीर्घ श्वास घ्यायचे. बीपीचं मूळ मनात असतं. मन शांत झालं की वजन आपोआप खाली येतं, असं कुठेतरी वाचलंय. पाऊण तास शांत बसलो. वेफर्सचं पाकीट छोटं घेतलं होतं.
वजन साडेचौऱ्याण्णव. बाथरूमची फरशी एका बाजूला कललेली आहे. वजनकाटा दाराकडे सरकवला की चौऱ्याण्णव. दारापाशी फरशी जास्त सपाट असावी.

२३ फेब्रुवारी
हॉस्पिटलात समुपदेशनाला बोलावलं होतं. एका बाईंनी कागदावर पोट काढून दाखवलं. छेद कुठे घेतात, नळी कुठे बसते, किती दिवस दुखतं. त्यांचं चित्र चांगलं होतं. मला मधूनच ऐकू येईनासं झालं. घाम फुटला. त्या म्हणाल्या, नको वाटत असेल तर केव्हाही सांगा, आम्ही पेशंटला वैद्यकीय कारण सांगतो, तुमचं नाव येत नाही. मी म्हटलं, छे, पंखा बंद आहे म्हणून.
रात्री हीसुद्धा तेच बोलली. तुमची तयारी नसेल तर मोकळेपणाने सांगा. मी चिडलो. तूच सायकल लपवतेस, तूच तेल जास्त घालतेस, असं बरंच बोललो. सायकल जिन्याखाली होती, जिथे मीच लावली होती.
मला ऑपरेशनची भीती वाटत नाही. वाटते. फार वाटते. पण आई गेल्यावर माझं जेवणखाण, शाळा, आजारपण सगळं दादाने पाहिलं, तेव्हा तो स्वतःच शाळेत होता. त्याला काही झालं तर मी काय करीन, याची भीती त्याहून मोठी. या दोन भीतींमध्ये बसून वेफर्स खाल्ले.
उद्यापासून टाकीपर्यंत. नक्की.

१ मार्च
टाकी दिसली. लांबून.

८ मार्च
एका गिऱ्हाईकाने मला बागेत पाहिलं होतं. दादासमोरच म्हणाला, काय हो, सकाळी बाकावर छान डुलकी लागली होती तुमची, सायकल कुणी उचलून नेली असती. मेलो. दादा काचेवरची धूळ पुसत होता. वर पाहिलं नाही. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, दमत असशील रे. जमेल तेवढंच कर.
मनाचा मोठा आहे. माझी मेहनत त्याला कळते.

१६ मार्च
वजन त्र्याण्णव. बूट, पट्टा, खिशातल्या किल्ल्या धरल्या तर दोन किलो सहज जातील. उरलेल्या सहा किलोंसाठी डॉक्टरीणबाई अडून बसणार नाहीत. माणूस सायकलवरून आलेला पाहिला की त्यांचं मत बदलेल. बीपी तेवढं खाली हवं. त्याची व्यवस्था केली आहे. एका गोळीने एवढं उतरतं, तर तीन गोळ्यांनी किती उतरेल, हे साधं त्रैराशिक आहे.

१८ मार्च
सकाळी तीन गोळ्या घेतल्या. सायकलवरून निघालो. हॉस्पिटलच्या अलीकडच्या चौकापर्यंत रिक्षात सायकल घालून नेली, तिथून पुढे चालवत. दादा आणि वहिनी आधीच येऊन बसले होते. मला हेल्मेटमध्ये पाहून दादा उभा राहिला. कितीतरी दिवसांनी तो असा हसला.
बीपी अठ्ठ्याऐंशी-पन्नास. डॉक्टरीणबाईंनी मशीन बदललं. पुन्हा तेच. काय घेतलंत, विचारलं. म्हटलं, काही नाही, सायकल. खुर्चीतून उठलो आणि पुढचं आठवत नाही.
शुद्धीवर आलो तर पाय उंचावर, हाताला सलाइन आणि ही रडतेय. खिशातलं गोळ्यांचं पाकीट टेबलावर. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, एक किडनी काढल्यावर दुसरीवर तुम्हाला उरलेलं आयुष्य काढायचंय, ते असं निघणार नाही. आता नामंजूर. तीन महिन्यांनी परत या, १८ जून.
बाहेर दादा बाकावर बसला होता. माझं हेल्मेट मांडीवर. मी काही बोलायच्या आत म्हणाला, बारक्या, लागलं का रे तुला कुठे?

१९ मार्च
काही लिहावंसं वाटत नाही.

२ एप्रिल
दादाला सेंटरमधलं जेवण जात नाही. वहिनीला दुकानात बसावं लागतं. मी म्हटलं डबा मी नेतो. बस दोनदा बदलावी लागते, डबा गार होतो. सायकलवर मागे बांधला.
बिनमिठाची भाजी. दादा म्हणाला, याला भाजी म्हणण्यापेक्षा भाजीची आठवण म्हण. मीही त्याच्यातलंच थोडं खाल्लं. एकट्याने असलं कुणी खावं?

१४ एप्रिल
सेंटरच्या वाटेवरचा पूल चढताना उतरून सायकल ढकलावी लागते. आज निम्म्यापर्यंत बसून गेलो. डबा सांडला नाही हे महत्त्वाचं.
दादाच्या हाताला दोन जाड सुया. रक्त नळीतून मशीनमध्ये जातं आणि परत येतं. मी सुयांकडे बघत नाही, त्याच्या तोंडाकडे बघून बोलतो. त्याने आज मला काच कापायची तोंडी शिकवणी दिली. जोर मनगटात नको, खांद्यात हवा. आणि एकदाच ओढायचं. दुसऱ्यांदा त्याच रेघेवरून गेलास की काच गेली.

३० एप्रिल
डबा अर्धा परत आणला. म्हणतो भूक नाही.
जून फार लांब नाही, असं मी त्याला म्हणालो. या खेपेला फसवाफसवी नाही. तो म्हणाला, तू येतोस ते पुरे आहे मला. मला राग आला. पुरे काय? म्हटलं, तू गप्प बस, तुला काय कळतंय.

९ मे
पँट घसरते. हिने पट्ट्याला नवीन भोक पाडलं. वजन करायला वेळ झाला नाही. दादाच्या पायांना सूज आहे.

१७ मे
पूल न उतरता चढलो. कधी चढलो ते कळलंच नाही, दादाला श्वास लागला होता म्हणून वहिनीचा फोन आला होता. ऑक्सिजन लावला, संध्याकाळी बरा झाला. आपण दोघं मिळून नवीन पाटी करू दुकानाची, म्हणाला.

२५ मे
दादा गेला. पहाटे. हृदय थांबलं.
मी पोचेपर्यंत सगळं झालं होतं.

६ जून
दुकान उघडलं. वहिनीने फोटो आणून दिला. दादाचा एकट्याचा असा हा एकच, कुणाच्या तरी लग्नात काढलेला, शेजारून कुणाचा तरी खांदा आलेला. लहान चौकट धरून खांदा झाकला.
काच मीच कापली. चार गेल्या. पाचवी बऱ्यापैकी. बसवल्यावर पाहिलं तर आत धुळीचा एक कण राहिलाय, कपाळावर. दादाने फ्रेम उघडायला लावली असती. पुन्हा उघडायचं धाडस झालं नाही. तशीच दिली. वहिनी म्हणाली, छान झालीय. मी दुकान लवकर बंद करून मागच्या खोलीत रडलो.

१८ जून
तारीख दिलेली होती म्हणून गेलो. दुकानात दिलेली तारीख चुकवायची नाही, हा आमच्याकडचा नियम. हिला गिऱ्हाईकाकडे जातो सांगितलं. सायकलनेच गेलो, अख्खा रस्ता.
हॉस्पिटलात कुणाला काही माहीत नव्हतं. दादाचं सेंटर वेगळं, हे वेगळं. आपणच सांगायला हवं होतं. नाव पुकारलं, गेलो. वजन ब्याऐंशी. बूट काढून, भरल्या खिशांनी. बीपी एकशेबावीस-अठ्ठ्याहत्तर. एकदाच लावलं. गोळी एकच घेतली होती, रोजची.
डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, मला खरंच वाटलं नव्हतं तुम्ही करून दाखवाल. सिस्टरला बोलावून दाखवलं, हेच ते, मार्चमध्ये पडलेले. सिस्टरनेही अभिनंदन केलं. सगळे हसत होते. मीही हसलो. चांगलं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.
मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता उशीर नको. भावाला कधी आणताय?
सांगणार होतो. तोंडही उघडलं होतं.
म्हटलं, त्याला विचारून सांगतो.