दादाच्या मशीनमधली नवी पट्टी

१२ सप्टेंबर, शुक्रवार

हो म्हणून बसले! आता रविवारपर्यंत सुटका नाही.

दादा कारखान्यातून आला तो हातातलं छोटं खोकं नाचवतच. आत एसएसडी. च्युइंगमच्या पट्टीएवढी, वजन जवळजवळ नाहीच. त्याच्या गेमिंग कॉम्प्युटरच्या जुन्या हार्ड डिस्कमधलं सगळं या पट्टीवर आणायचं आणि इथून पुढे मशीन पट्टीवरून चालवायचं. दुकानदार बसवून देत होता. दादाच त्याला म्हणाला, "घरात शिकलेलं माणूस असताना तुम्हाला कशाला त्रास?"

शिकलेलं माणूस म्हणजे मी. मी लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट तपासते. कॉम्प्युटरचं झाकण जन्मात उघडलेलं नाही. पण हे या घरात सांगणार कुणाला? घरात शाळा पुरी केलेली पहिली मी, कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. तेव्हापासून गॅसचा रेग्युलेटर अडला तरी हाक मला. औषधाची चिठ्ठी मला, टीव्हीचा रिमोट मला, शेजारच्या काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं की नाही तेही मला. "मला येत नाही" असं मी इथे अजून एकदाही म्हटलेलं नाही. आईचा चेहरा उतरेल. आणि दादा — तो नववीतून पुठ्ठ्याच्या कारखान्यात गेला म्हणून मी दहावीला बसले. तो हे कधी बोलून दाखवत नाही. बोलला असता तर बरं.

"मास्तरीण, रविवारी करून टाक."

"बरं," म्हटलं मी.

१३ सप्टेंबर, शनिवार

जेवणाच्या सुट्टीत तीन व्हिडिओ पाहिले. तिघांचे हात इतके भराभर चालतात! मधेच कुणीतरी म्हणतो, "हे तर तुम्हाला माहीतच आहे." नाही हो, नाही माहीत.

लॅबच्या मॅडमनी विचारलं, "बरं नाही का?" म्हटलं, "घरी एक काम आहे." "काय, पाहुणे?" "नाही, मदरबोर्ड." त्या हसल्याच.

घाई कशाची ते आज कळलं. दादाच्या ऑनलाइन खेळाच्या टीमची ट्रायल पुढच्या शनिवारी. पाचवी जागा एकच, आणि तिच्यावर दोघे — दादा आणि चिमणी म्हणून एक आहे, आवाजावरून ठेवलेलं नाव. कप्तान निवड करणार. निवडलेले पाच मोठ्या स्पर्धेला जाणार, आणि त्यांना एक कंपनी वर्षभर पगार देऊन खेळवणार. टीममध्ये दादा सगळ्यांत मोठा, म्हणून त्याला मामा म्हणतात. त्याचं मशीन इतकं मंद की बाकीचे मैदानात उतरले तरी याच्या पडद्यावर चक्र फिरतच असतं. "मामा, आलात का? का रिक्षा मिळेना?" — हेडफोनमधून मलाही ऐकू येतं.

जेवताना दादा म्हणाला, "माझ्यात काही कमी नाही. घोडं अडलंय ते मशीनपाशी." मग आईकडे न बघता, "नाव आलं की कारखाना सोडतो."

आईने पोळी तव्यावरच ठेवली. "खेळायचा पगार? मग मी झोपायचा मागते."

बाबा दादाच्या बोटांकडे बघत होते. पुठ्ठा कापायच्या यंत्रावर दोन बोटांची टोकं गेलीत त्याची, डाव्या हाताची.

म्हणजे ही पट्टी नीट बसली नाही तर — नको. लिहीत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

झालं! खरंच झालं.

सकाळी खिडकीपाशी टेबल ओढलं. सुती कपडे घातले, हातातल्या बांगड्या काढल्या, दर दोन मिनिटांनी कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावत होते — अंगातली वीज पट्टीला लागू नये म्हणून. आई दारातून बघत होती. "देवाला लावतेस तसा हात काय लावतेस? चालू कर ना!"

दादाला बाहेर पाठवलं. तो समोर असता तर माझ्याच्याने काही झालं नसतं.

मदरबोर्डवर पट्टीची जागा असते, तिच्यावर धातूचं एक झाकण. झाकण काढायचं, पट्टी तिरकी सरकवायची, दाबून आडवी करायची, एका स्क्रूने पकडायची, झाकण परत बसवायचं. स्क्रू ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान. आणि तो सुटला! टिक्‌ टिक्‌ करत आत कुठेतरी गेला. आत लोखंडाचा तुकडा सुटा राहिला आणि मशीन चालू केलं की संपलंच सगळं.

बाबा शेजारच्या खोलीत खुर्चीला कापड चढवत होते. सोफ्या-खुर्च्यांचं काम करतात ते. माझा आवाज ऐकून आले ते हातातली हातोडी घेऊनच. तिचं एक टोक चुंबकाचं असतं, बारीक खिळे आपोआप चिकटावेत म्हणून. मी काही बोलायच्या आत ती हातोडी कॅबिनेटमध्ये!

"बाबा, चुंबक! चुंबक नको!"

"अगं, हा बघ तुझा स्क्रू."

चिकटून आला होता. पट्टीला चुंबकाने काही होत नाही हे मी नंतर वाचलं. तोवर माझं अर्धं रक्त आटलं. बाबा मात्र खुशीत. "शिकलेल्यांनाही हातोडी लागतेच म्हणायची."

मग खरं भयंकर काम. जुन्या डिस्कवरचं नव्या पट्टीवर उतरवायचं. पडद्यावर दोन चौकटी — कुठून आणि कुठे. उलट निवडलं तर कोरी पट्टी भरलेल्या डिस्कवर उतरते आणि दादाचं सगळं पुसलं जातं, परत मिळत नाही. लॅबमध्ये आमचा नियम आहे: एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने "बरोबर" म्हणायचं, मगच रिपोर्ट बाहेर. आईला समोर बसवलं. मी वाचत गेले, "डावीकडे जुनी, भरलेली. उजवीकडे नवी, रिकामी." आईला अक्षर येत नाही. पण प्रत्येक ओळीला तिने बोट ठेवून, नीट बघून "बरोबर" म्हटलं. मगच मी बटण दाबलं.

दुपारी दादा आला. मशीन लावलं आणि खुर्चीत बसेपर्यंत पडदा उजळला सुद्धा! तो तसाच उभा राहिला. मग माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "मास्तरीण!"

एवढंच. पण कसं म्हणाला!

१५ सप्टेंबर, सोमवार

दादा शिट्टी वाजवत कामावर गेला. आई म्हणाली, "याला काय झालं?"

१७ सप्टेंबर, बुधवार

खेळ बराच रंगात आला की मधेच पडदा अडखळतो. मी मागे उभी होते, दोनदा पाहिलं. दादा म्हणतो, "नेट असेल." असेलही. पण आधी असं होत नव्हतं ना? विचारलं तर म्हणाला, "तू बसवलंय ना? मग झालं. तू कधी चुकत नाहीस."

असं बोलू नये माणसाने. जेवण गेलं नाही मला.

२० सप्टेंबर, शनिवार

ट्रायल.

सुरुवात छान. दादा सगळ्यांत आधी मैदानात! कप्तान म्हणाला, "अरे वा, मामांनी विमान घेतलं वाटतं." दादा हसला, मान ताठ. मग तिसऱ्या डावात पडदा गोठला. सुटला. पुन्हा गोठला. समोरून दोघे आले, आणि दादाचा माणूस रस्त्याच्या मधोमध नुसता उभा. "मामा, झोपलात का? मामा!" तो बटणं दाबतोय, पडदा हलत नाही. शेवटी मान खाली घालून बसून राहिला.

कप्तान म्हणाला, "मामा, वाईट वाटून घेऊ नका. चिमणीला घेतो."

दादाने हेडफोन अलगद ठेवले. आपटले असते तर मी रडले असते. "मशीनच फालतू," म्हणाला. माझ्याकडे वळून, "तुझा काही दोष नाही हं."

२१ सप्टेंबर, रविवार

दोष माझाच आहे.

दादा ओव्हरटाइमला गेल्यावर गरमी मोजायचा प्रोग्रॅम टाकला आणि खेळ चालू ठेवला. पट्टीचा आकडा चढतच गेला. लाल झाला आणि पडदा अडखळला. पट्टी फार तापली की स्वतःला जळण्यापासून वाचवायला मुद्दाम हळू होते. म्हणजे झाकण तिची गरमी ओढून घेत नव्हतं. मशीन बंद करून झाकण काढलं. त्याच्या पोटाला मऊ रबरासारखा थर असतो, तो पट्टीला चिकटून बसायला हवा. आणि त्या थरावर पातळ प्लास्टिकचा कागद. निळसर, पारदर्शक. बसवण्याआधी सोलून काढायचा असतो तो. मी नव्हता काढला.

दिसला नव्हता असं नाही. दिसला होता. काढू नये असंच वाटलं मला!

आमच्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक कुणी काढत नाही. फ्रिजच्या दाराला आहे, रिमोटला आहे, माझ्या ऑफिसच्या बॅगेच्या बक्कलाला अजून आहे. बाबांच्या धंद्याची रीतच ती. नवं कापड चढवलेली खुर्ची प्लास्टिकसकट द्यायची, ते गिऱ्हाइकाने सोलायचं. कारागिराने सोललं म्हणजे माल वापरलेला दिला. लहानपणी मी एका सोफ्याचं टोक सोललं होतं तेव्हा बाबा एकदाच ओरडले होते माझ्यावर. गेल्या रविवारी तो निळा कागद मी रुमालाने पुसून, बोटाचा डाग पडू न देता बसवला. इतकी जपून केली मी चूक!

कागद सोलला. झाकण लावलं. तोच खेळ, तेवढाच वेळ. आकडा वर गेला, थांबला, तिथेच राहिला. पडदा एकदाही अडखळला नाही.

आता हे कुणालाच कळणार नाही. मी बोलले नाही तर आपोआप बरं झालं म्हणतील. चिमणीची जागा पक्की, दादा कारखान्यात, आणि मी तीच शहाणी.

२२ सप्टेंबर, सोमवार

सांगितलं. दादा बूट काढत होता तेव्हाच, दारातच. कागद हातात ठेवला.

आधी त्याला समजेना. मग तो हसायला लागला. "बाबा! अहो बाबा, तुमची लेक बघा! सोफा समजून बसवली हिने!" बाबाही हसले. आई म्हणाली, "मग मी 'बरोबर' म्हटलं ते?" तेव्हा मीसुद्धा हसले.

मग दादाचं हसू थांबलं. तो कागद उजेडात धरून बघत बसला. "म्हणजे मी नव्हतो," म्हणाला. "मी चुकलो नव्हतो." दोनदा म्हणाला.

संध्याकाळी त्याने हेडफोन माझ्या कानावर चढवले. "तूच सांग कप्तानाला. माझं ऐकणार नाही, बहाणा म्हणेल." "नमस्कार. मी यांची बहीण बोलते. शनिवारी जे झालं त्यात माझ्या दादाची काही चूक नव्हती..." पलीकडून कुणीतरी फिसकन हसलं. मी थरापासून कागदापर्यंत सगळं सांगितलं. कप्तान वयाने माझ्यापेक्षा लहानच असावा. म्हणाला, "ताई, इतकं खरं कुणी सांगत नाही आम्हाला. गुरुवारी पुन्हा घेतो. मामा आणि चिमणी, समोरासमोर."

दादाने दोन्ही मुठी वर केल्या. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

दादाने मुकादमाला सांगून टाकलंय म्हणे, दुसरा माणूस बघा. मी म्हटलं, "उद्या तर होऊ दे." "आता काय राहिलंय?" म्हणाला. "मशीन ठीक झालं ना?"

२५ सप्टेंबर, गुरुवार

मी शेजारी स्टूल घेऊन बसले होते. माझी नजर फक्त गरमीच्या आकड्यावर. आकडा थंड. पहिला डाव, थंड. दादा पुन्हा सगळ्यांच्या आधी मैदानात. जीव भांड्यात पडला माझा, आणि मग मी पहिल्यांदाच आकडा सोडून खेळाकडे पाहिलं.

दादा एका भिंतीआड. चिमणी कोपऱ्यावरून आली. दादाने तिला पाहिलं — मी पाहिलं की त्याने पाहिलं — बोटं हलली, आणि तोवर तो पडला होता. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तो चांगला दबा धरून होता, जागा अचूक, आणि तरी ती आधी. डाव्या हाताचं आखूड बोट बटणापर्यंत ताणलं जाई, आणि तेवढ्यात सगळं होऊन जाई. पडदा कुठेच अडखळत नव्हता. सगळं स्वच्छ दिसत होतं.

कप्तानाने हलक्या आवाजात विचारलं, "मामा, नेट ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"आणि मशीन?"

दादा माझ्याकडे वळला. असं त्याने माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं. मला कळायला हवं होतं तो काय मागतोय. पण मला आकडाच दिसत होता, आणि आकडा थंड होता. मी मान हलवली — ठीक आहे.

"ठीक आहे," दादा म्हणाला.

"मग, मामा..." पुढे चिमणीचंच नाव आलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दादा सकाळी लवकर मुकादमाकडे जाऊन आला. अजून दुसरा माणूस ठेवला नव्हता.

जेवताना बाबांनी विचारलं, "काय झालं रे तुझ्या त्या सामन्याचं?" दादाचा घास हातातच राहिला. माझ्याकडे पाहिलंच नाही त्याने. म्हणाला, "मशीन पुन्हा तापलं."

आई-बाबा दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हटलं. "माझ्याकडूनच राहिलं काहीतरी. मला येत नाही ते."